निघालेल्या माणसाजवळ

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना राहून गेलेलं थोडंफार लिहिताना घातलं आहे.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं होतं, ‘काका, तुम्ही चाळीच्या आठवणी सांगा. गणपती, दहीहंडी, जांबोरी मैदान. लोकांना आवडतं.’ मी हो म्हटलं. मग आठ दिवसांनी त्यांना फोन केला की मी नर्सेसवर बोलणार आहे, आणि तेही मरणाऱ्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या नर्सेसवर. फोनवर जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, ‘काका, रौप्यमहोत्सव आहे हो!’

रौप्यमहोत्सव आहे म्हणूनच म्हटलं. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे आलो तेव्हा सगळे पन्नाशीच्या आतबाहेर होतो. आपल्यातली निम्मी घरं वरळीच्या बीडीडी चाळीतून उठून आलेली. तेव्हा सोसायटीच्या सभेत भांडण व्हायचं ते मुलांनी क्रिकेट कुठे खेळायचं यावरून. आता भांडण असतं ते लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही यावरून. मावत नाहीच. गेल्या पावसाळ्यात सी विंगमधल्या आपल्या एका स्नेह्यांना खुर्चीला बांधून जिन्यावरून उतरवलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा हा विषय काही परका नाही.

विषय सुचला तो मात्र एका फॉर्ममुळे. बी विंगमधली एक मुलगी बी.एस्सी. नर्सिंग करते. ती माझ्याकडे तीस वाक्यांचा इंग्रजी कागद घेऊन आली. कॅथरीन फ्रॉमेल्ट नावाच्या अमेरिकन परिचारिकेने १९९१ साली ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णाची शुश्रूषा करण्याकडे नर्स कशी पाहते, हे त्यातून जोखतात. प्रत्येक वाक्यापुढे पाच घरं, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. कमीत कमी गुण ३०, जास्तीत जास्त १५०. जगभरात नर्सेसना हा कागद भरायला देतात. तिला प्रोजेक्टसाठी त्याचं मराठी हवं होतं. बँकेत असताना हेड ऑफिसच्या सर्क्युलरांचं मराठी मी पुष्कळ केलं आहे, त्यामुळे म्हटलं, ठेवून जा, संध्याकाळी देतो.

तीन आठवडे लागले.

पहिल्याच वाक्याला अडलो. ‘डायिंग पर्सन’ला मराठीत काय म्हणायचं? ‘मरणारा माणूस’ असं लिहिलं तर ती म्हणाली, ‘आजोबा, वॉर्डात असं कुणी बोललं तर नातेवाईक मारायला धावतील.’ ‘अंत्यावस्थ रुग्ण’ लिहिलं तर म्हणाली, ‘हे कुणी बोलतच नाही.’ मग तुम्ही काय म्हणता? ‘सिरीयस.’ पण सिरीयस पेशंट बराही होतो की. ‘लास्ट स्टेज?’ ते फक्त कॅन्सरचं. आम्ही दोघं अर्धा तास बसलो. शेवटी माझ्या लक्षात आलं की घरातसुद्धा आपल्याजवळ या माणसासाठी शब्द नाही. आपण ‘जरा बरं नाही’ म्हणतो, ‘आता काही खरं नाही’ म्हणतो, आणि तेही किचनमध्ये जाऊन, हळू आवाजात.

आणि मग मला आमच्या सिस्टरमावशींचा शब्द आठवला.

जुन्या लोकांना मी कुणाबद्दल बोलतोय ते कळलं असेल. नव्या मंडळींसाठी थोडं सांगतो. बीडीडीची चाळ म्हणजे तळमजला अधिक तीन, मधोमध अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. एका इमारतीत ऐंशी बिऱ्हाडं, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या इमारती. एकट्या वरळीत १२१. खोलीत माणूस आजारी पडला की तो पूर्ण पॅसेजचा पेशंट व्हायचा. खोकला कुणाचा आणि किती वाजता, हे समोरच्या बिऱ्हाडाला घड्याळासारखं पाठ असे.

सिस्टरमावशी आमच्या मजल्यावर शेवटच्या खोलीत राहायच्या. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स. आम्ही पोरं त्यांना सिस्टरमावशी म्हणायचो आणि त्यांना ते आवडायचं नाही, कारण हॉस्पिटलात ‘मावशी’ म्हणजे आया. ‘मी साडेतीन वर्षं शिकलेय, मला सिस्टर म्हणा,’ असं त्या ठणकावून सांगायच्या. पण चाळीपुढे कुणाचं चालतं? त्या काही देवी नव्हत्या, हे आधीच सांगतो. जीभ फार तिखट. नळावर त्यांच्या बादलीला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. नाइट करून आल्यावर पॅसेजमध्ये पोरांनी आवाज केला तर दार उघडून अशा काही शिव्या द्यायच्या की मिलमधले कामगारही ऐकत राहायचे.

१९८७ साली माझ्या आईला पोटाचा कॅन्सर झाला. उपचार झाले, आणि एका टप्प्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा, बँकेत ऑफिसर झालेला. सही केल्यावर काम होतं अशी सवय लागलेली. घरी आणलं आणि कळलं की मला काहीच येत नाही. तिला कुशीवर कसं वळवायचं हेसुद्धा येत नव्हतं. खांद्याला धरून ओढायला लागलो तशी ती कळवळली.

त्या रात्री मावशी ड्युटीवरून आल्या. हातपाय धुतले आणि सरळ आमच्या खोलीत शिरल्या. आधी दारात जमलेल्या बायकांना घालवलं. ‘इथे काय सिनेमा लागलाय?’ मग एक चादर चौपदरी केली, आईच्या पाठीखाली सरकवली आणि मला म्हणाल्या, ‘माणसाला ओढायचं नसतं रे, चादर ओढायची.’ दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचांखाली आणि कंबरेखाली हात घालून लाल झालंय का बघायचं, पाठ स्पिरिटने पुसून पावडर लावायची. ओठ कोरडे पडले की पेल्याने पाणी नाही पाजायचं, कापसाचा बोळा ग्लिसरीनमध्ये बुडवून फिरवायचा. माझ्या बायकोला आणि मला त्यांनी हे आठ दिवसांत शिकवलं. पाठ पुसायला आता स्पिरिट वापरत नाहीत, त्याने कातडी कोरडी पडते, असं बी विंगच्या आमच्या मुलीने मला सांगितलं. दोन तासांची कूस मात्र तीच आहे.

दुखणं मात्र त्यांच्याही हातात नव्हतं. १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर मॉर्फिनसाठी इतके परवाने लागू लागले की साधा केमिस्ट ते ठेवायचंच सोडून देई. तो कायदा २०१४ साली सैल झाला. मधल्या काळात किती घरांतून रात्री कसले आवाज आले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

तर मावशींचा शब्द. एकदा मी पॅसेजमध्ये त्यांना विचारलं, आईला सलाइन लावायचं का, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं का. त्या म्हणाल्या, ‘अरे, आक्का आता निघाल्यात. निघालेल्या माणसाला अडवून धरायचं नाही आणि ढकलायचंही नाही. सोबत चालायचं.’ निघाल्यात. जशी कोकणची गाडी धरायला निघावी तशी.

त्याच रात्री त्यांनी मला आणखी एक ऐकवलं, आणि ते सांगण्यासाठीच मी आज उभा राहिलो आहे.

मी आईला रोज सांगायचो, ‘बरी होशील, दिवाळीला गावी जाऊ.’ ती मान हलवायची. मला वाटायचं, तिला बरं वाटतंय. एका दुपारी मी बँकेत असताना आईने मावशींना विचारलं, ‘सिस्टर, मी यातून उठणार का?’ मावशींनी खोटं सांगितलं नाही आणि खरंही तोंडावर फेकलं नाही. त्या कॉटवर टेकल्या आणि म्हणाल्या, ‘आक्का, तुम्हाला काय वाटतंय?’ आई म्हणाली, ‘मला वाटतंय, नाही.’ ‘मग मनात काय राहिलंय?’ आईच्या मनात दोन गोष्टी राहिल्या होत्या. भिशीचे शेवटचे दोन हप्ते द्यायचे होते. आणि माझ्या धाकट्या भावाला बघायचं होतं. गावच्या घरावरून मी चार वर्षं त्याच्याशी बोलत नव्हतो. आईने मावशींना सांगितलं, ‘मोठ्याला बोलू नका, तो रागावेल.’

मावशींनी मला पॅसेजमध्ये गाठून ते सगळं सांगितलं. वर म्हणाल्या, ‘तुझ्या आईला मरायची भीती नाही. तिला तुझी भीती आहे.’

दुसऱ्या दिवशी मी तार केली. भाऊ एस.टी.ने आला. आईने दोन दिवस त्याचा हात सोडला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

आता पुन्हा तो कागद. त्यातली बरीच वाक्यं याच जागेवर बोट ठेवतात. येऊ घातलेल्या मरणाबद्दल रुग्णाशी बोलताना नर्सला अवघडल्यासारखं होतं का? खोलीत शिरल्यावर रुग्ण रडताना दिसला तर तिला अस्वस्थ वाटतं का? घरच्यांना शुश्रूषेत हाताशी घ्यावं का? वाचताना मला हसूच आलं, कारण मावशींनी हा कागद कधी पाहिला नव्हता आणि पाहिला असता तर त्याची पुडी बांधली असती. पण त्याही काही जन्मतः अशा नव्हत्या. शिकाऊ असताना पहिला मृत्यू पाहिला, तेव्हा आपण काय केलं ते त्यांनी एकदा सांगितलं होतं. कॉटभोवती पडदा लावला आणि आपण पडद्याच्या बाहेर उभ्या राहिल्या. आत जायचं धाडसच झालं नाही. एका वयस्कर सिस्टरने दंडाला धरून आत नेलं आणि गेलेल्या बाईचं तोंड पुसताना तिचं नाव घेऊन बोलायला लागली: ‘आता डोळे मिटते हं, आता या कुशीवर घेते.’ मावशी म्हणायच्या, नर्सिंगमध्ये मला जे आलं ते तिथे आलं, पुस्तकात नव्हतं ते. पुढे त्याही तसंच करायच्या. आईला शेवटचं पुसताना त्या तिच्याशी बोलत होत्या, ते मी ऐकलं आहे.

परळमधल्या सगळ्या सिस्टर एकमेकींना ओळखून असत. त्यामुळे नर्सेसबद्दल बोलायचं आणि केईएमच्या अरुणा शानभाग यांचं नाव घ्यायचं नाही, हे आपल्या भागातल्या माणसाला शक्य नाही. अरुणा काही त्या कागदाच्या अर्थाने अंत्यावस्थ नव्हत्या. पण त्यांच्या कॉटपाशी जे घडलं त्याला जगात फारसा जोड नाही. कारवार जिल्ह्यातल्या हळदीपूरची ही मुलगी केईएममध्ये नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३च्या संध्याकाळी तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूला रक्त पोचलं नाही. ती वाचली, पण परत आली नाही. हल्लेखोराला झालेली शिक्षा सात वर्षांची, ती संपवून तो सुटला. ती वॉर्ड नंबर चारच्या बाजूच्या खोलीत जवळजवळ ४२ वर्षं होती. १९७३ साली तिच्यासाठी आणि स्वतःच्या सुरक्षेसाठी नर्सेस संपावर गेल्या. पुढे ऐंशीच्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी तिला हलवायचं ठरवलं, तेव्हा नर्सेसनी ते होऊ दिलं नाही. एक बॅच निवृत्त व्हायची, दुसरी यायची. अरुणावर हल्ला झाला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुलींनी तिला भरवलं. इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोअर झाला नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या कागदांत नोंदलेलं आहे. ज्यांनी आपल्या माणसाला महिनाभर अंथरुणावर सांभाळलं आहे, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. दर दोन तासांनी एक कूस. तुम्हीच हिशेब करा.

पिंकी विराणी यांनी १९९८ साली अरुणावर पुस्तक लिहिलं आणि २००९ साली त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. म्हणणं असं की हिला सुखाने जाऊ द्या, जबरीने भरवणं थांबवा. मी तेव्हा नुकताच निवृत्त होत होतो. आपल्या गच्चीवर आपली मंडळी बसायची, तिथे वाद झाला होता, काहींना आठवत असेल. मी ठामपणे विराणींच्या बाजूने होतो. याला काय जगणं म्हणतात, असं मी म्हणालो होतो. नर्सेसचा विरोध मला भाबडेपणा वाटला होता.

७ मार्च २०११ला निकाल लागला. याचिका फेटाळली. केईएमच्या नर्सेसनी पेढे वाटले. मी रविवारी वरळीला गेलो आणि मावशींसमोर तेच भाषण केलं. त्या तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होत्या. चहा गाळत म्हणाल्या, ‘तुम्ही बँकवाले ना. खात्यात उलाढाल नाही म्हणजे खातं बंद.’ मी म्हटलं, ‘मावशी, आम्हीसुद्धा बंद नाही करत, इनऑपरेटिव्ह म्हणतो. पैसे खातेदाराचेच राहतात.’ ‘मग झालं तर,’ म्हणाल्या. ‘आम्हीही तेवढंच म्हणतोय.’

पण मला तेव्हाही एक शंका होती, ती मी त्यांना विचारली. हे सगळं अरुणासाठी चाललं होतं की नर्सेसना स्वतःसाठी हवं होतं? आपल्यातल्या एकीवर ड्युटीवर असताना असा प्रसंग आला, आणि तिला आपण टाकलं नाही, हे त्यांना स्वतःला दाखवायचं होतं का? मावशी चिडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, ‘दोन्ही. त्यात वाईट काय?’ माझं मत आजही तेच आहे, दोन्ही. अरुणाला काय हवं होतं ते कुणालाच कळलं नाही, कारण तिला ते सांगायची वेळच मिळाली नव्हती. तिची १ जूनची वाढदिवसाची तारीख नर्सेसनी कधी चुकवली नाही. मे २०१५मध्ये तिला न्यूमोनिया झाला आणि १८ तारखेला ती गेली. घरच्यासारखं रडल्या त्या नर्सेसच.

एक गोष्ट मात्र वर्तमानपत्रं वाचताना आपल्या ध्यानातून सुटते. ज्या निकालात नर्सेस जिंकल्या, त्याच निकालाने या देशात पहिल्यांदा दार किलकिलं केलं, की काही अटींवर, हायकोर्टाच्या परवानगीने, उपचार थांबवता येतील. आणि अरुणाच्या बाबतीत तशी वेळ आलीच तर अर्ज करायचा हक्क कोर्टाने केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच दिला. ज्यांनी कूस बदलली, त्यांनाच विचारा. मला हे न्यायाचं वाटलं. पुढे ९ मार्च २०१८ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की माणूस शुद्धीवर असताना स्वतःबद्दल असं आधीच लिहून ठेवू शकतो. २०२३ साली त्याचे नियम सोपे झाले. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही.

२०१८. माझी बायको २०१७ साली गेली.

हे मी इथे बोलणार नव्हतो. पण मावशींबद्दल एवढं सांगितलं आणि हे झाकून ठेवलं तर ते खोटं होईल.

ती अकरा दिवस एका हॉस्पिटलच्या आयसीयूमध्ये होती. भेटायची वेळ दिवसातून दहा मिनिटं. मी बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून कागदांवर सह्या करत होतो. सही करायची सवय, म्हटलं ना. त्याच्या वर्षभर आधी आपल्याच एका शेजाऱ्यांना पाहून परत येताना ती मला रिक्षात म्हणाली होती, ‘माझ्या बाबतीत असं नळ्यांचं करू नका.’ मी म्हणालो, ‘असलं अभद्र बोलू नकोस.’ विषय संपला. आणि आता डॉक्टर विचारत होते, पुढे जायचं का, आणि मी म्हणत होतो, सगळं करा.

तिथे रात्रपाळीला केरळची एक मुलगी होती, पंचविशीची असेल. तिला सगळं कळत होतं. माझ्याकडे बघण्यातून मला दिसत होतं की तिला कळतंय. पण बोलायची तिला मुभा नव्हती. मी विचारलं की ठरलेलं उत्तर: ‘अंकल, डॉक्टर बात करेंगे.’ नर्सच्या वृत्तीबद्दल आपण बोलतो तेव्हा हे धरायला हवं. तिच्या मनात काय आहे हा एक भाग, आणि तिला तोंड उघडायची परवानगी आहे का, हा दुसरा. शिवाय तिच्या वाट्याला किती खाटा? शिकवणाऱ्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स असावी असा परिचर्या परिषदेचा निकष आहे. रात्री कुठल्याही मोठ्या वॉर्डात जाऊन मोजून बघा. चाळीस माणसांना सलाइन बदलणारी बाई कुणाच्या मनात काय राहिलंय ते विचारणार तरी कधी?

आठव्या रात्री त्या मुलीने मला आत घेतलं. वेळ नव्हती, नियमही नव्हता. ती कापसाने बायकोचे ओठ ओले करत होती. अगदी तसंच. मग मोडक्या हिंदीत म्हणाली, ‘अंकल, मॅडम बिंदी लगाती थी? कल लेके आना.’ गळ्यात तिच्या क्रॉस होता. दुसऱ्या दिवशी मी टिकल्यांचं पाकीट नेलं. तिने ती मरून टिकली लावली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्या नळ्यांमधून माझी बायको दिसली. तेव्हा मला रिक्षातलं बोलणं आठवलं. मी खुर्चीवर जाऊन बसलो. सकाळी डॉक्टरांना सांगितलं, आता आणखी काही वाढवू नका. तीन दिवस उशिरा की आठ, ते मला ठरवता येत नाही. मावशींनी तीस वर्षांपूर्वी जे शिकवलं होतं, ते मी पाठ करून विसरलो होतो.

नंतर एकदा वांद्र्याच्या शांती अवेदना सदनात जायचा योग आला. बँकेतले एक सहकारी तिथे होते. माउंट मेरीजवळ डॉ. डिसूझा यांनी १९८६ साली सुरू केलेलं हे देशातलं पहिलं हॉस्पिस. ज्यांच्या कॅन्सरवर आता इलाज नाही अशांसाठी, आणि विनामूल्य. तिथे मला काय वेगळं दिसलं सांगू? नर्स बसलेली होती. कॉटजवळ स्टूल घेऊन, हातात काही नाही, नुसती बसलेली. मी इतक्या हॉस्पिटलांत गेलो, पेशंटजवळ बसलेली नर्स मी पाहिलीच नव्हती. बसलेली दिसली तर आपणच तक्रार करू! ज्या बाईंनी लंडनला १९६७ साली आधुनिक हॉस्पिस सुरू केलं, त्या सिसिली साँडर्स पुढे डॉक्टर झाल्या, पण सुरुवात त्यांनी नर्स म्हणून केली होती. मला याचं नवल वाटत नाही.

मावशी २०१९ साली गेल्या. त्याच खोलीत. आता ती इमारत नाही, तिथे टॉवर उभे राहताहेत आणि लोकांना पाचशे चौरस फुटांची घरं मिळताहेत. चांगलंच आहे, मी काही अंधाऱ्या पॅसेजच्या आठवणी काढून उसासे टाकणारा नाही. सामाईक संडासाची रांग मी विसरलेलो नाही. पण मावशींची कूस बदलायला पॅसेजमधल्या बायका पाळ्या लावून येत होत्या. कुठल्याही कोर्सला न गेलेल्या बायका. सगळ्यांना मावशींनीच कुणाच्या ना कुणाच्या आजारपणात शिकवलेलं. मी दोन रविवार गेलो. मी चादर चौपदरी करायला घेतली तर त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, ‘कोपरा आत मोड. रुततोय.’

बी विंगच्या मुलीचं भाषांतर पुरं झालं. सगळीकडे मी ‘निघालेला रुग्ण’ असं लिहिलं होतं. तिच्या मॅडमनी ते तीसही ठिकाणी लाल पेनाने खोडून ‘अंत्यावस्थ’ केलं. मुलीला वाईट वाटलं. मी म्हटलं, राहू दे, तू वॉर्डात गेल्यावर काय म्हणायचं ते म्हण.

मी माझा स्वतःचा कागद गेल्या महिन्यात केला. नोटरी झाला आहे. साक्षीदार म्हणून आपल्याच सोसायटीतल्या दोघांच्या सह्या आहेत आणि ते दोघंही आत्ता इथे बसून माझ्याकडे बघताहेत. एक प्रत मुलाकडे, एक कपाटात, एफडीच्या पावत्यांच्या वर. कुणाला नमुना बघायचा असेल तर संध्याकाळी सहानंतर घरी या. सेक्रेटरी खुणावताहेत, चहा निवतोय.